कठड्यावरचा तिसरा बाण

वैशाखातल्या एका मंगळवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी बाबांना फोनवर सांगितलं, की त्यांच्या टीव्हीवर दिसतं ते अँटेनातून येत नाही. त्यांनी एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं नाही. ते “बरं” म्हणाले, आणि फोन ठेवला.

बाबा अमरावतीला राहत होते, मी अकोल्याला. बस मूर्तिजापूरवरून जाते आणि दोन-सव्वादोन तासांत पोचवते. मी अकोल्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. एकटी राहते. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यामुळे शनिवारी दुपारी निघून रविवारी संध्याकाळी परतायचं, असा माझा क्रम होता, आणि तो मी बहुतेक वेळा पाळला. उरलेल्या दिवसांत फोन. पण आम्ही दोघंही फोनवर बोलणारी माणसं नव्हतो. “जेवले का?” “जेवलो. तू?” “जेवले.” एवढ्यावर आमचा फोन संपायचा. अँटेना नसता तर शेवटची दोन वर्षं आम्ही एवढंच बोललो असतो.

बाबा मोजणी खात्यात होते. चांदूर बाजार, अचलपूर आणि पुढे बरीच वर्षं धारणी. शेतं मोजणं, हद्दी कायम करणं, नकाशे काढणं. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे एक होकायंत्र, एक दोन फुटी पट्टी आणि दिशेची खोड उरली. आमच्या घरात पलंगदेखील भिंतीला नव्हे, उत्तरेला समांतर होता. भिंत त्यांच्या मते गवंड्यानं चार अंश तिरकी घेतली होती.

घराला बाहेरून जिना, वर गच्ची, आणि गच्चीच्या कोपऱ्यात लोखंडी पाइपला अँटेना. तो मी शाळेत जाण्याआधीपासून तिथं आहे. बाबांच्या मित्रानं तो बसवला होता. या मित्राचं बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. बाबा त्यांना उस्ताद म्हणायचे, ते बाबांना साहेब म्हणायचे, आणि मी त्यांना चाचा म्हणते. पाइपच्या खाली, गच्चीच्या कठड्यावर, बाबांनी लाल ऑइल पेंटनं दोन बाण काढले होते. एकाखाली ‘उन्हाळा’ लिहिलेलं, दुसऱ्याखाली ‘पावसाळा’. दोघांत दोन बोटांचं अंतर. शेजारच्या कडुनिंबाला पालवी आली की लहरी वाकतात, असा त्यांचा सिद्धांत होता. चाचा हसायचे.

“साहेब, लहर काय बैल हाय का, झाडाले वळसा घालून जायले?”

“तू फक्त सोल्डर मार, उस्ताद. दिशा मले शिकवू नको.”

चित्र बिघडलं, पडद्यावर मुंग्या आल्या, की आमची तिघांची ठरलेली जागा होती. बाबा वर, पाइपपाशी. आई जिन्याच्या मधल्या पायरीवर, कारण वरचा आवाज आत पोचत नसे. मी टीव्हीसमोर. बाबा पाइप हलवायचे आणि विचारायचे, “आलं का?” आई तेच आत वळून म्हणायची, “आलं का गं?” मी म्हणायची, “नाही.” आई वर म्हणायची, “नाही आलं.” असं तीन-चार वेळा. मग चित्र स्वच्छ व्हायचं आणि मी ओरडायची, “आलं!” आईला पुढं सांगावं लागायचं नाही. तेवढं एक बाबांना वरपर्यंत ऐकू जायचं.

मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा चित्र आलेलं नसताना “आलं” म्हणाले. मांडीवर पुस्तक उघडं होतं, गोष्ट अर्ध्यावर होती, आणि मला त्या प्रश्नोत्तरांचा कंटाळा आला होता. बाबा खाली आले. पडद्यावर मुंग्याच होत्या. ते रागावले नाहीत. टीव्ही बंद करून माझ्यासमोर खाली बसले आणि त्यांनी मला साखळीची गोष्ट सांगितली.

मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. एक टोक बाबांच्या हातात, दुसरं मदतनिसाच्या. तो पुढे जायचा, हद्दीच्या दगडापाशी टोक टेकवायचा आणि ओरडायचा, “लागली!” मग बाबा वहीत आकडा लिहायचे. एका गावात दगडाच्या अलीकडे बोरीची काटेरी झुडपं होती. मदतनीस झुडपांच्या अलीकडेच थांबला आणि तिथूनच “लागली” म्हणाला. शेत अर्ध्या गुंठ्यानं कमी भरलं. दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावले. पुढे फेरमोजणी झाली तेव्हा चूक सापडली.

“मंग त्याले तुमी काय म्हनले?” मी विचारलं.

“काही नाही म्हनलं. पन बाई, त्या टोकाचा मानूस जे सांगते तेच मी लिहितो. मी काही तिथं नसतो.”

ही गोष्ट मी पुढे विसरले असं म्हणता येत नाही. मला ती आठवत होती. तरी मी केलं ते केलं.

पुढे गावात केबल आली, घराघरांवर छत्र्या आल्या. बाबांनी दोन्ही घेतलं नाही. कंजूषपणा नव्हता. हवेत आहे ते आपण आपल्या हातानं धरावं, एवढंच त्यांना आवडायचं. आई गेल्यावर चारेक वर्षांनी अँटेनावर येणारा एकुलता एक सरकारी चॅनलही बंद झाला. चाचांनी सांगितलं, की जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण थांबलं, आता नव्या पद्धतीचं असतं, त्याला वेगळा डबा लागतो. बाबांनी ते एवढंच ऐकलं, की डबा लागतो.

“तुले समजते त्यातलं,” त्यांनी मला फोनवर सांगितलं. “अँटेना लागंल असा डबा पाह्य.”

मला समजत नव्हतं. मी शोधलं. आता टीव्हीला जोडायचे लहान काळे स्ट्रीमिंग बॉक्स मिळतात, वायफायवर चालणारे. बाबांशी चेहरा पाहून बोलता यावं म्हणून मी आधीच त्यांच्याकडे वायफाय घेतलं होतं. त्या बॉक्सांमध्ये एक असा होता, की ज्याच्या वर्णनात लिहिलं होतं, अँटेनाही जोडता येतो. मी चित्र मोठं करून पाहिलं. मागे अँटेनाच्या वायरीचं गोल भोक होतं. मी मागवून टाकला. हवेत आता धरण्यासारखं काही आहे का, आमच्या गावात, हे मी विचारलंच नाही. पुस्तकांत राहणाऱ्या माणसाची ही चूक असते. वर्णनात आहे म्हणजे आहे, असं वाटतं.

एका रविवारी सकाळी चाचा आले. बाबांनी आदल्या दिवशीच वायर स्पिरिटनं पुसून ठेवली होती. नवीन पांढरा शर्ट घातला होता.

“काय साहेब, पोरीले पाहाले पाहुने येऊन राहिले का?” चाचांनी दारातूनच विचारलं.

“पाहुना तू. चाय मागू नको अन् काम कर.”

वायर लागली. बाबा होकायंत्र खिशात टाकून वर गेले. मी बॉक्सवर शोध सुरू केला. पडद्यावर एक पट्टी हळूहळू पुढे सरकत होती आणि खाली लिहून येत होतं, सापडलेले चॅनल, शून्य. वरून बाबांचा आवाज आला.

“आलं का?”

“थांबा, शोधतंय.”

आईची पायरी रिकामी होती. चाचा उठून तिथं जाऊन उभे राहिले. मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांना ती जागा माहीत होती. पट्टी शेवटाला गेली. शून्य. मी पुन्हा सुरू केलं. बाबांनी वर पाइप फिरवला, लोखंडाचा करकर आवाज आला. पुन्हा शून्य. चाचांनी आत पाहिलं. माझ्याकडे, मग पडद्याकडे.

“इथं नाही येत काय, चाचा?” मी हळू आवाजात विचारलं.

“मोठ्या शहरांत येते म्हनतात. मले वाटलंच होतं,” ते म्हणाले. “साहेबाले किती उमेद होती, तर म्या म्हनलं, पाहू.”

वरून पुन्हा, “अरे, आलं का? दोघं मेले का खाली?”

अर्धा तास झाला होता. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे होते. ऊन कठड्यावर आलं होतं. तोच सरकारी चॅनल वायफायवरून त्याच बॉक्सवर दिसतो हे मला माहीत होतं. मी बटण दाबलं. एक चक्र फिरलं, मग चित्र आलं. एवढं स्वच्छ चित्र त्या घरात कधी आलं नव्हतं. कुठल्याशा गावात एक माणूस संत्र्याच्या बागेबद्दल बोलत होता.

मी ओरडले, “आलं!”

बाबा खाली आले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. पडद्यासमोर उभे राहिले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. “पाह्य,” ते म्हणाले. “एक मुंगी नाही.” मग पेंटचा डबा घेऊन परत वर गेले. संध्याकाळी मी गच्चीवर गेले तेव्हा कठड्यावर तिसरा बाण होता, ओला. त्याखाली लिहिलं होतं, ‘नवीन’.

चाचांना सोडायला मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. त्यांनी पिशवी सायकलला अडकवली.

“बेटा, आज म्हनली ना ‘आलं’,” ते म्हणाले, “आता रोज म्हनाव लागन.”

“पुढच्या आठवड्यात सांगीन, चाचा.”

“सांग. मी नाही सांगनार. मी आपला सोल्डरवाला.”

पुढच्या आठवड्यात मी सांगितलं नाही. त्यानंतरच्याही नाही. खरं म्हणजे सांगायचं कारणच दिसेना, कारण त्या आठवड्यापासून बाबांचे फोन यायला लागले.

वायफाय अधूनमधून अडकायचं, विशेषतः संध्याकाळी. चित्र थांबून मधोमध चक्र फिरत राहायचं. बाबांना वाटायचं, वाऱ्यानं दिशा हलली. सातच्या बातम्या लागलेल्या असायच्या. ते मला फोन करायचे.

“तिकडे येऊन राहिलं का?”

मी माझ्या फोनवर तोच चॅनल लावून ठेवायला लागले होते. “येऊन राहिलं, बाबा.”

“मंग आपलीच दिशा हालली. थांब, ठेवू नको.”

ते फोन शर्टाच्या खिशात ठेवून जिना चढायचे. मला पायऱ्यांचे आवाज ऐकू यायचे, चौदा पायऱ्या, मधल्या पायरीवर थोडं थांबणं. मग गच्ची. मग फोन हातात. पाइप कधी अर्धं बोट इकडे, कधी तिकडे. आणि ते करताना बाबा बोलायचे. खुर्चीत बसून फोन केला तर ते “जेवली का” याच्यापुढे जात नसत. गच्चीवर पाइपला हात लावला की बोलत. शेजारच्या काकूंनी कुरडया घातल्यात आणि साळुंक्या त्यांच्याकडे पाहत बसल्यात. पूर्वेला ढग आहे पण तो पडणारा नाही. धारणीला असताना मुक्कामाच्या गावात जीप फसली होती, तेव्हा एका घरात त्यांना कुटकीचा भात आणि आंबाडीची भाजी मिळाली, आणि आईला हे सांगितल्यावर ती आठ दिवस आंबाडी शोधत फिरली, “तुमाले बाहेरचंच बरं लागते” म्हणत. सेमाडोहकडे एका संध्याकाळी ते प्लेन टेबल, म्हणजे नकाशा काढायची तिपाई, मांडून उभे असताना नाल्यापलीकडे वाघ बसला होता. मदतनीस पळाला आणि बाबांनी आधी कागद सोडवला, मग पळाले. आईशी लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांच्या शेताचा नकाशा बाबांनीच काढलेला होता, आणि त्यात विहीर चुकून बांधाच्या पलीकडे दाखवली होती. हे मला त्या फोनवर पहिल्यांदा कळलं.

दहा-पंधरा मिनिटांनी मी म्हणायची, “जा आता खाली, आलं असेल.” ते उतरायचे. तोवर नेट सुरळीत झालेलं असायचं. आणि मग टीव्हीसमोरून, माझ्या लहानपणच्या जागेवरून, ते म्हणायचे, “आलं!”

आठवड्यातून तीन-चार वेळा असं व्हायचं. दोन वर्षं. सात वाजता मी स्वयंपाक मागे ठेवून फोनजवळ बसायची. खरं सांगते, नेट अडकलं नाही त्या दिवशी मला चुकल्यासारखं वाटायचं. अमरावतीला गेले, की मी त्यांच्या टीव्हीसमोर बसून “आलं” म्हणायची आणि ते वरून उतरायचे. मी त्यांना फसवते आहे असं वाटणं हळूहळू थांबलं होतं.

त्या मंगळवारी दुपारी तीन वाजता शेजारच्या काकूंचा ग्रंथालयात फोन आला. त्या कपडे काढायला वर गेल्या होत्या, तर आमच्या गच्चीवर बाबा कठड्याला टेकून बसलेले. चेहरा पांढरा. काकूंनी पोचून पाणी पाजलं, खाली आणलं, पंख्याखाली निजवलं. “चाळीसच्या वर गरमी हाय अन् तुमचे बाबा पाइप फिरवून राहिले. तुमी सांगा जरा,” त्या म्हणाल्या. मी लगेच बाबांना फोन केला, त्यांनी उचलला नाही. चार वाजता केला, पाच वाजता केला. त्यांनी साडेपाचला उचलून “झोपलो होतो” एवढं म्हणून ठेवून दिला. सातपर्यंत माझ्या डोक्यात एकच चित्र होतं, की ते पाइपला धरून खाली बसताहेत आणि त्या पाइपमध्ये काही नाही.

सात वाजून पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला.

“तिकडे येऊन राहिलं का?”

“बाबा, तुम्ही दुपारी वर गेले होते?”

“कोनं सांगतलं? काकूनं? तिचं काय आयकते तू.”

“चक्कर आली तुम्हाला.”

“चक्कर नाही आली. बसलो होतो जरा. मॅच होती अन् चक्र फिरून राहिलं होतं. आताही फिरून राहिलं. ठेवू नको, जातो वर.”

“जाऊ नका.”

“काहून? आता ऊन नाही.”

“बाबा, वर जाऊन काही होत नाही. अँटेनातून येतच नाही ते. पहिल्या दिवसापासून येत नाही. सगळं वायफायचं आहे. ते आपोआप थांबतं आणि आपोआप येतं. तुम्ही उगीच चढता.”

मी हे मोठ्या आवाजात बोलले. मला वाटतं, मी “उगीच” हा शब्द दोनदा वापरला. पलीकडे टीव्हीचा आवाज नव्हता, चक्र फिरत असणार. पंख्याचा आवाज येत होता.

मग त्यांनी विचारलं, “मंग तू खालून ‘आलं’ म्हनली, ते?”

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. ऊन होतं, तुम्ही थकला होता, तुम्ही नवीन शर्ट घातला होता. यातलं काहीच मला सुचलं नाही.

“बरं,” ते म्हणाले. “जेवून घे.”

त्या शनिवारी मी गेले तेव्हा अँटेनाची वायर बॉक्समधून काढलेली होती. त्यांनी ती खिडकीतून परत बाहेर ओढून, नीट वेटोळं करून, जिन्याजवळच्या खिळ्याला अडकवली होती. मोजणीची साखळी ते अशीच गुंडाळत. टीव्ही चालू होता. कुठला तरी चित्रपट, बॉक्सनंच सुचवलेला. ते पाहत होते की नाही ते सांगता येत नाही. त्यांनी मला पोह्याचं विचारलं, बसमध्ये गर्दी होती का विचारलं. त्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही. मी काही म्हणणार असं दिसलं, की ते उठून काहीतरी आणायला जायचे.

सातचे फोन बंद झाले. मी करायची. “जेवले का?” “जेवलो. तू?” आम्ही पुन्हा तिथंच आलो, जिथं होतो.

श्रावणात एका रविवारी मी तिथंच असताना सातच्या बातम्यांत चित्र थांबलं आणि चक्र फिरायला लागलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खुर्चीत होते, हात मांडीवर. बाहेर थंड होतं, पाऊस उघडला होता. मला आतून फार वाटलं, की यांनी उठावं. मी म्हणाले, “बाबा, पाहता का जरा वर?”

ते माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते. एखाद्या लहान मुलानं खोटं खोटं जेवण वाढावं आणि आपण ते खावं का, असा विचार करतो तसे ते क्षणभर दिसले. मग म्हणाले, “बस. येते आपोआप.”

आम्ही दोघं ते चक्र पाहत बसलो. ते चार-पाच मिनिटं फिरलं. मग चित्र आलं. “आलं” कोणी म्हणालं नाही.

मार्गशीर्षात त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात चार दिवस होते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना थोडं बरं वाटलं, नळी काढली होती. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी मनाशी वाक्य जुळवत होते. दोन वर्षांचे फोन मला किती हवे होते, एवढं तरी सांगायचं होतं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, “मागचं दार लावलं का घराचं?”

“लावलं, बाबा.”

ते छताकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “खरंच लावलं?”

मी दार खरंच लावलं होतं. कुलूप ओढून पाहिलं होतं. पण मी एकदा हो म्हटलेली गोष्ट साऱ्या आयुष्यात त्यांनी मला पुन्हा विचारली नव्हती. आजारी माणूस विचारतो दोनदा, परिचारिका म्हणाली, त्यांना लक्षात राहत नाही. असेलही तसं. मी पुन्हा म्हणाले, “खरंच लावलं.” ते “बरं” म्हणाले आणि डोळे मिटले. माझं वाक्य राहून गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

तेरवी झाल्यावर चाचा आले. आता त्यांच्या दुकानात रिमोट आणि मोबाइलचे चार्जर असतात, दुरुस्ती फारशी नसते. त्यांनी जिन्याजवळची गुंडाळलेली वायर पाहिली, हात लावला नाही.

“वरचा काढून देऊ का, बेटा? पाइप सडला खालून. एखाद्या आंधीत पडन.”

“राहू द्या.”

आम्ही पायऱ्यांवर बसलो. मी त्यांना जे विचारायचं होतं ते विचारलं. मी सांगितल्यानंतर बाबा कधी दुकानात आले होते का.

“आले होते. एकदा. बसले, चाय पेली. मंग म्हनले, उस्ताद, तुले मालूम होतं ना? मी म्हनलं, मालूम होतं साहेब. मले वाटलं आता शिवी देतात.”

“दिली?”

“नाही दिली. म्हनले, लहानपनी बी एकदा अशीच ‘आलं’ म्हनली होती. पुस्तक वाचाचं होतं तिले. अन् हसले.”

“हसले?”

रस्त्यावरून एक स्कूटर गेली.

“हसले,” ते म्हणाले. “आता मी रिमोट उघडून बसलो होतो, बेटा, चेहरा काही नीट पाहला नाही. पन हसल्यासारखं वाटलं.”

चाचा माझ्या समाधानासाठी असं म्हणू शकतात. ते भले माणूस आहेत, आणि “आलं” म्हणण्याच्या दिवशी तेही पायरीवर उभे होते. किंवा बाबा खरंच हसले असतील. हसले असतील तर कसे, हेही कळायला मार्ग नाही. मी काही तिथं नव्हते. त्या टोकाचा माणूस सांगतो आहे तेच मी इथं लिहिते आहे.

बॉक्स मी अकोल्याला आणला. तो माझ्या टीव्हीला लावलेला आहे आणि चालतो. मागचं गोल भोक रिकामं आहे. अमरावतीचं घर बंद असतं, महिन्यातून एकदा जाऊन मी ते झाडते. वायर खिळ्याला आहे. अँटेना गच्चीवर आहे, तिसऱ्या बाणाच्या दिशेला, बाबांनी शेवटी ठेवला तसा.